टायरला पोट सुटेपर्यंत

मी घाबरट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीराची बाई वगैरे समजायला नको. लिफ्ट मधेच अडकेल म्हणून मी पाच मजले जिने चढते, गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते आणि गाडीच्या टायरांत लागते त्यापेक्षा जास्त हवा भरून घेते. नवीन पनवेलच्या आमच्या पंपावरचा हवा भरणारा माणूस मला ओळखतो. मी काच खाली केली की तोच विचारतो, "मॅडम, अडतीस ना?" गाडीच्या दारावर कंपनीने चिकटवलेल्या कागदावर बत्तीस लिहिलंय. नवरा इमानदारीत बत्तीस भरतो आणि त्याच्या मागून मी जाऊन अडतीस करून आणते.

याला कारण आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक्सप्रेस वेवर आमच्या जुन्या गाडीचं मागचं टायर फुटलं. त्यात हवा कमी होती आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. गाडी भेलकांडत कडेच्या कठड्याला घासत थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण मऊ टायर म्हणजे मरण, हे माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आणि नशीब बघा, नवऱ्याला छंद लागला तो टायरांतली हवा काढण्याचा. म्हणजे ऑफरोडिंगचा. त्याने सेकंडहँड फोर बाय फोर गाडी घेतली आणि रविवारी मित्रांबरोबर ओवे गावाच्या पलीकडे डोंगराकडे जायला लागला. मला शिकवायचं म्हणून दोनदा घेऊन गेला. डांबरी रस्ता संपला की सगळे पुरुष गाड्यांतून उतरून चाकांपाशी उकिडवे बसायचे. फस्स, फस्स. कडक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढं टेकतं, सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो आणि मऊ जमिनीत ते रुततं. हवा कमी केली की टायर पसरतं, जास्त जमीन धरतं. हे सगळं त्याने मला काडीने मातीवर चित्र काढून समजावलं. मला ते समजलंही. तरी तो आवाज सुरू झाला की मी गाडीत बसून कानात बोटं घालायची. टायरातून नव्हे, माझ्यातूनच काहीतरी निघून चाललंय असं वाटायचं.

माझं माहेर उरणकडे, अगदी किनाऱ्यावर. आम्ही कोळी. बाबांनी चाळीस वर्षं होडी चालवली. मागच्या वर्षी त्यांचं डावं अंग गेलं. मला कळलं तिसऱ्या दिवशी. ते इस्पितळात, आई इस्पितळात, भाऊ पोर्टवरची ड्युटी सोडून इस्पितळात आणि मी पनवेलला शनिवारची धुणी वाळत घालत होते. मी जाऊन भांडले तेव्हा आई म्हणाली, "बाबा बोलले, बायला कलवू नका. ती घाबरत गाडी हाकील, वाटंत काय झालं तर?" मला इतका राग आला होता की मी दोन दिवस आईशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली लाज होती. घरातली सगळ्यात शिकलेली, पगार घेणारी मी, आणि मलाच काही सांगायची सोय नाही.

बाबांची वाचा हळूहळू परत आली. शब्द जड, पण कळायचे. पाय मात्र आला नाही. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तिथे सगळा खडक. वाळूची पुळण आहे ती गाव संपल्यावर, सुरूच्या झाडांच्या पलीकडे. व्हीलचेअर वाळूत एक फूटही जात नाही. वर्षभर त्यांनी समुद्राचा नुसता आवाज ऐकला. कधी कुणाकडे काही मागितलं नाही. मग एका भेटीत, मी निघता निघता, ते म्हणाले, "जावयाची गाडी वालूत जाते ना?"

मी म्हटलं, "जाते."

"मंग मला एकदा पान्याजवल ने."

नवऱ्याला सुट्टी मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. पण त्याची सुट्टी पुढे पुढे जात होती आणि बाबांचा तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्या दिवशी मीच रजा टाकली. डिकीत व्हीलचेअर मावावी म्हणून नवऱ्याची अवजारांची पिशवी काढून बाल्कनीत ठेवली. त्या पिशवीत फावडं होतं, हवा मोजायचं गेज होतं, हवा भरायचा छोटा पंप होता. वाटेत पंपावर थांबून मी चारही टायर अडतीस करून घेतली. उलव्यात तेव्हा रस्ता कमी आणि डंपर जास्त होते. त्यांच्यामधून जीव मुठीत धरून गाडी काढली.

भरती-ओहोटीचा हिशोब मी करूनच निघाले होते. तेवढं मला येतं. लहानपणी बाबांनी माझ्याच बोटांच्या पेरांवर शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते आणि भरतीच्या सहा तास आधी ओहोटी. आदल्या दिवशी माझी एकादशी झाली होती, सकाळी पोहे खाऊन उपास सोडला होता. म्हणजे आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती रात्री नऊला, ओहोटी दुपारी तीनला. अडीचला पोचायचं, पाणी मागे हटत असतानाच बाबांना दाखवायचं आणि सव्वातीनला वळायचं. माझ्यासारख्या भित्रीला अशी वेळ फार आवडते, दोन्ही बाजूंनी मोकळी.

माहेरी जेवले. आईने पानात रताळी आणि साबुदाण्याची खिचडी वाढली. मी ती आवडीने खाल्ली, वर दाण्याचं कूट कमी पडलंय म्हणून नावंही ठेवली. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

गल्लीतल्या दोघांनी बाबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सुरूच्या झाडांमधून गाडी पुळणीवर उतरली तेव्हा माझे हात घामाने ओले होते. पण वाळू वर कोरडी, पुढे ओली आणि घट्ट होती, गाडी सुरळीत चालली. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी लांब होतं. मी बरीच अलीकडे थांबले.

"अजून पुढं," बाबा म्हणाले.

मी थोडी पुढे घेतली.

"अजून."

असं करत करत पाण्यापासून दहा-बारा पावलांवर आले. पाणी अजून अर्धा तास मागेच जाणार आहे, असं मनाशी म्हणत इंजिन बंद केलं. बाबांनी काच खाली करायला सांगितली आणि उजवा, चांगला हात तोंडावरून फिरवला. मग ते रडले. मी त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडे बघितलं, पदराशी चाळा केला, फोन बघितला. किती वेळ गेला कळलं नाही. पुढे नजर गेली तर दहा-बारा पावलांची चार पावलं झाली होती.

मला वाटलं, एखादी लाट मोठी आली असेल. घड्याळात पावणेतीन. मी बघत राहिले. पुढची लाट आणखी अलीकडे आली.

मी गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला. चाकं फिरली, गाडी हलली नाही. मी आणखी दाबलं. मागच्या चाकांखालून वाळूचे फवारे उडाले आणि गाडी एकदम बसली, जशी म्हैस बसते तशी. नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. आता चारही चाकं फिरली आणि चारही खाली गेली. उतरून बघितलं. पुळणीच्या त्या भागात वर वाळू आणि खाली चिखल होता. चाकं अर्धी आत गेली होती.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भावाला फोन लावला, तो ड्युटीवर, फोन बंद. आईला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"आय देवलात गेली," बाबा आतून म्हणाले. "भजन हाय. आज एकादस ना."

मी गाडीचं दार धरून उभी राहिले. त्या पंधरवड्यात एकादशी दोन दिवस आली होती. कॅलेंडरवर तसं छापलेलंही असतं, आदल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. सासरी पहिली धरतात, माहेरी दुसरी. लग्न होऊन गेलेल्या पोरीने सासरचा उपास धरला आणि सासरच्या उपासावरून माहेरच्या समुद्राचा हिशोब केला. आज तिथी अकरावीच होती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. ओहोटी सव्वादोनलाच संपली होती. आम्ही पुळणीवर आलो तेव्हाच पाणी वळलेलं होतं.

रताळी खाल्ली होती मी. खिचडीला नावं ठेवली होती.

नवऱ्याने दुसऱ्यांदा लावल्यावर फोन उचलला. मी काय बोलले ते मला आठवत नाही, ओरडले एवढं आठवतं. त्याने पहिलंच विचारलं, "टायर प्रेशर किती आहे?"

"अडतीस."

तो म्हणाला, "अडतीस? वाळूत? बरं, ते राहू दे. चारही टायर पंधरावर आण."

"पंधरा कसं कळणार? गेज बाल्कनीत आहे."

 तेवढ्यात बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "जावई, तुमी ठेवा. मी हाय."

मला म्हणाले, "घाबरू नको, बाय. हवा सोड."

हे 'घाबरू नको, बाय' मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. होडी वादळात सापडून परत आली तेव्हा, दहावीच्या निकालाच्या दिवशी, माझ्या बाळंतपणाच्या वेळी. दर वेळी मला वाटायचं, यांना भीती माहीतच नाही, यांना काय कळणार.

मी केसातला आकडा काढला. पुढच्या डाव्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण काढून आतली बारीक पिन आकड्याने दाबली. फस्स. दहा मोजले आणि सोडून दिली. दुसरं चाक, पुन्हा दहा. मग पळत जाऊन गाडी सुरू केली. गाडी जागच्या जागी थरथरली आणि आणखी खाली गेली.

"येवढ्याशानं काय व्हतं?" बाबा चिडले. आजारपणानंतर पहिल्यांदाच चिडले. "आमचे मासलीचे टेम्पो वालूत कसे येतान? टायराला पोट सुटलं पायजे. चारी टायरांना. बग, मी सांगतो."

आणि मग ते सुरू झालं. मी गुडघे टेकून वाळूत बसले, आकडा दाबून धरला आणि हवा सोडत राहिले. बाबा खिडकीतून मान काढून त्यांच्या बाजूच्या टायरकडे बघत होते. "अजून," ते म्हणत. मी म्हणायची, "बसलं टायर, बाबा, फाटेल." ते म्हणत, "अजून." ज्या आवाजाला मी कानात बोटं घालायची, तो माझ्याच हाताने चालू होता आणि मीच तो थांबवू शकत होते. बोट आपोआप उचललं जायचं. मी ते पुन्हा दाबायची. टायरची कड हळूहळू फुगून बाहेर आली, जमिनीपाशी खरंच पोट सुटल्यासारखी.

"हां. आता दुसरा."

त्यांना दिसत होतं ते एकच टायर. बाकीची तीन मला त्या एकाशी ताडून बघायची होती. मागची दोन झाली. पुढच्या उजव्या चाकाशी गेले तर त्याचा वॉल्व्ह खालच्या अंगाला आला होता आणि तिथवर पाणी पोचलं होतं. पाण्यात हात घालून आकडा दाबला. आता फस्स नाही, नुसते बुडबुडे. लाट आली, साडी कमरेपर्यंत भिजली, आकडा निसटला. तो पाण्यात चाचपताना मी पहिल्यांदा स्पष्ट विचार केला की गाडी निघाली नाही तर काय. बाबांना मी उचलू शकत नाही. ओढून नेलं तर किती नेईन? गावातून माणसं आणायला धावले तर जाऊन येऊन अर्धा तास. आणि तेवढ्यात पाणी सीटपर्यंत. एकट्या बाबांना पाण्यात सोडून धावायचं, की त्यांच्यापाशी थांबायचं? मला दोन्ही जमणार नव्हतं. मी मोठ्याने रडायला लागले आणि रडत रडतच दुसरा आकडा काढला.

चार झाली. मग चाकांच्या मागची वाळू हातांनी उपसली, नखं तुटेपर्यंत. गाडीत बसले. 

"दाबू नको," बाबा म्हणाले. "आलेल्या वाटनंच मागं घे. हलू हलू. चाक फिरलं की थांब."

मी रिव्हर्स टाकला आणि पाय जेमतेम टेकवला. काही झालं नाही. मग गाडी मागे झुकली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे झुकली आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. चाकांनी जमीन धरली. मी आरशात बघत, आमच्याच आधीच्या चाकोरीतून, बैलगाडीच्या वेगाने मागे मागे येत राहिले. सुरूच्या झाडांपाशी थांबले तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले होते, ते सोडवता येईनात. आम्ही उभे होतो त्या जागी आता नुसतं पाणी होतं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "बाबा, तुम्हाला एकादशी माहीत होती. पाणी वळलंय हे तुम्हाला आधीच कळलं होतं."

"व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांगतो तर तू गाडी फिरवली असतीस. मंग दर्या कवा बघायचा व्हता?"

मला संताप आला. दोघंही मेलो असतो, असं मी ओरडून म्हणाले.  ओरडून झाल्यावर मात्र आतून कुठेतरी थंड पडले, कारण ते खरं बोलत होते. मी फिरवली असती. पाणी वळलंय एवढं नुसतं ऐकलं असतं तरी मी पुळणीवर उतरलेच नसते, आणि मग कधीच उतरले नसते. आई मला तीन दिवस सांगत नाही, बाबा भरती सांगत नाहीत. मी घाबरते म्हणून माझी माणसं माझ्यापासून गोष्टी लपवतात, आणि लपवता लपवता एकटी पडतात. पाण्याची भीती निदान ओहोटीला उतरते. आपल्याच माणसांना एकटं पाडल्याची ही भीती उतरली नाही.

मी म्हटलं, "यापुढे काय असेल ते मला पहिलं सांगायचं. मी घाबरेन. रडेन. तरी सांगायचं."

 ते म्हणाले, "बरं."

गावाच्या नाक्यावर पंक्चरवाल्याकडे हवा भरली. त्याने विचारलं किती. मी बत्तीस सांगितलं.

चार-पाच महिने गेले. एका दुपारी मी ऑफिसात असताना आईचा फोन आला. "बाय, बाबांना धाप लागलीय. भावाला नाय सांगितलं अजून, कोनाला नाय. बाबा बोलतान, पयली तिला सांग, ती येल."

 पार्किंगमध्ये गाडीची किल्ली दोनदा हातातून पडली. उलव्याच्या वळणावर एक डंपर अंगावर आला, तेव्हा मी काच बंद करून एकटीच किंचाळले. पण पोचले.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. श्वास लागलेला, ओठ काळपट. डोळे उघडे होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचा चांगला हात धरला. तो थरथरत होता. आधी मला वाटलं माझाच हात थरथरतोय. मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, घाबरू नको, बाय.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी पन," बाबा म्हणाले.

मग आम्ही त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि मी गाडी इस्पितळाकडे काढली.